परळचा मतदार

मुंबईंतील विधानसभेच्या मतदारसंघांमध्यें परळइतका इतिहास फार थोड्यांच्या वांट्यास आला असेल. १९३७ सालीं मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या कुंपणांत होता. तरीहि भायखळा-परळ विभागानें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस प्रांतिक कायदेमंडळांत पाठविलें. पुढें प्रौढ मतदान आलें आणि गिरणींतील साधा साचेवालाहि मतदार झाला.

हा मतदार राहत होता कसा, तें आधीं पाहिलें पाहिजे. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले गांवकरी दहा-बारा जणांनीं मिळून एक खोली घेत. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी. एक वळकटी उचलली कीं दुसरी पसरली जाई. गिरणीच्या दारांत त्याला लाल बावटा भेटे, तर संध्याकाळीं चाळीखालीं भजनी मंडळ, आखाडा, गणेशोत्सव. १९६६ सालीं शिवसेना स्थापन झाली आणि तिची शाखाहि याच चाळीखालीं आली.

५ जून १९७० रोजीं परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्याच वर्षीं पोटनिवडणूक होऊन त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांनीं १,६७९ मतांनीं पराभव केला. महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार. कामगारानें आपला वर्ग सोडला, असें यावर अनेक विद्वानांनीं लिहिलें आहे. मला तें पटत नाहीं. (निवडणुकीचे अभ्यासक चाळीच्या गॅलरींत क्वचितच उभे राहतात!) एवढ्या थोड्या मतांनीं लागलेला निकाल म्हणजे चाळ दुभंगल्याची खूण होय, एकाच खोलींतील दोन भाऊ दोन पेट्यांकडे गेले असतील. शिवाय १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला तेव्हां सुमारें अडीच लक्ष कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागें गेले, आणि १९८४ सालीं दक्षिण मध्य मुंबईनें त्यांस अपक्ष म्हणून लोकसभेंत पाठविलें. हा मतदार कोणत्याहि पक्षाच्या दावणीला कायमचा बांधलेला नव्हता.

संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन २००९ च्या निवडणुकीपासून परळ हें नांवच विधानसभेच्या यादींतून गेलें. त्या वस्तीचा मोठा भाग आतां शिवडींत मोडतो. गिरण्यांच्या जागीं टोलेजंग इमारती उठल्या. जुनीं बिऱ्हाडें डोंबिवली, कल्याण, विरारकडे गेलीं, आणि त्यांचीं मतें तिकडेच मोजलीं जातात. गणपतीच्या दिवसांत मात्र तीं लालबागेंत परत येतात.