मराठवाडा मुक्तिसंग्राम: निजामाच्या राज्यात कोण कोणाच्या विरोधात होतं?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मंठ्यासह संपूर्ण मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. आज जालना जिल्ह्यात असलेला हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणजेच निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हा लढा हिंदू विरुद्ध मुस्लीम असा सांगितला जातो. प्रत्यक्षात बाजू दोनपेक्षा जास्त होत्या.

निजाम आणि इत्तेहाद

१९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात विलीन व्हायचं नव्हतं. त्यांना मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा पाठिंबा होता. लातूरचे वकील कासीम रझवी हे इत्तेहादचे अध्यक्ष होते आणि रझाकार ही तिची सशस्त्र संघटना. दलित नेते बी. एस. वेंकटराव हेदेखील निजामाच्या मंत्रिमंडळात होते. डॉ. आंबेडकरांनी मात्र दलितांना निजामाची बाजू घेऊ नका, असं सांगितलं होतं.

स्टेट काँग्रेस

मराठवाड्यातल्या राजकीय जागृतीची सुरुवात मंठ्याशेजारच्या परतूरमध्ये झाली. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन तिथेच भरलं. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने विलीनीकरणाची मागणी लावून धरली. पक्षात मवाळ गटही होता, बी. रामकृष्ण राव हे त्याचे प्रमुख नेते.

कम्युनिस्ट

तेलंगणात कम्युनिस्टांचा लढा जमीनदारांविरुद्ध होता. म्हणूनच भारतीय सैन्य आल्यावरही तो थांबला नाही, १९५१ पर्यंत चालला.

धर्मावरून बाजू ठरत होती का?

नाही. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली.

शेवट कसा झाला?

१३ सप्टेंबर १९४८ रोजी 'ऑपरेशन पोलो' सुरू झालं. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. रझाकारांनी आधी गावोगावी अत्याचार केले होते. आता अनेक ठिकाणी मुस्लिमांवर हल्ले झाले, आणि त्यात रझाकारांशी संबंध नसलेलेही मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज दिला. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

मुक्तिसंग्रामाचा इतिहास समजून घेताना रझाकारांचे अत्याचार, शोएबुल्ला खान यांचं बलिदान आणि नंतरची हिंसा, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.