लंबाडा

लंबाडा : ‘काओमा’ या फ्रान्समधील संगीतसमूहाचे १९८९ च्या उन्हाळ्यात युरोपभर गाजलेले पोर्तुगीज नृत्यगीत. याच नावाचे जोडीनृत्य ब्राझीलमध्ये त्याआधीपासून रूढ होते. (आंध्र प्रदेश-तेलंगणातील लंबाडा या बंजारा समाजाशी या नावाचा संबंध नाही.) गाण्याची चाल बोलिव्हियाची, चढा ठेका आणि अकॉर्डियन पेरूचे, शब्द ब्राझीलचे आणि धंदा फ्रान्सचा. जगाने अस्सल म्हणून डोक्यावर घेतले, ते मुळात एका नकलेची नक्कल होते.

मूळ गीत : बोलिव्हियातील कोचाबांबा भागात १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘लॉस कारकास’ या समूहातील उलिसेस आणि गोन्सालो एर्मोसा या भावांनी ‘योरांदो से फुए’ हे स्पॅनिश गीत रचले. ते १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित झाले. या समूहाचा बाज अँडीज पर्वतातील लोकसंगीताचा. चारांगो हे छोटे तंतुवाद्य आणि बोरूच्या बासऱ्या ही त्याची ओळख. गाण्याचा विषय विरहाचा आहे. मूळ लयही संथ आहे. पुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या धांगडधिंग्याशी त्याचे नाव जोडले जाईल, असे त्यात काही नाही.

चालीचा मुखडा आपल्या स्वरांत मांडून पाहिला, तर त्याची पकड कशात आहे ते ध्यानात येते. आवाज पंचमावर थोडा रेंगाळतो आणि मध्यम, कोमल गंधार, रिषभ असा एकेक पायरी उतरत षड्जावर येतो. तिथून पुन्हा गंधाराला शिवून कोमल निषादावाटे खाली जातो आणि मंद्र पंचमाशी टेकतो. जवळजवळ सगळा प्रवास उताराचा आहे. उड्या नाहीत, अवघड जागा नाहीत. शब्द कळले नाहीत तरी दुसऱ्यांदा ऐकताना चाल गुणगुणता येते. ठेका कितीही वाढवला तरी तिच्यातली हुरहुर जात नाही, आणि नंतरच्या बहुतेक संगीतकारांनी नेमके हेच हेरले.

पेरू आणि ब्राझील : पेरूमधील ‘कुआर्तेतो कॉन्तिनेन्ताल’ या समूहाने १९८४ मध्ये हे गीत कुंबिया या लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीताच्या नाचऱ्या अंगाने वाजवले आणि मुखड्याची सुरावट अकॉर्डियनला दिली. आज ‘लंबाडा’ म्हटले की कानात वाजते ते हे अकॉर्डियन. या वाद्यवृंदकारांना त्याचे श्रेय क्वचितच मिळते. १९८६ मध्ये ब्राझीलच्या गायिका मार्सिया फेरेइरा यांनी रीतसर परवानगी घेऊन पोर्तुगीज रूपांतर गायले. शब्द त्यांचे आणि जोझे आरी यांचे.

लंबाडा हा संगीतप्रकार मात्र वेगळ्याच भागातला. उत्तर ब्राझीलमधील पारा राज्यात स्थानिक कारिंबो आणि कॅरिबियन बेटांकडून आलेले संगीत यांच्या मिश्रणातून तो घडला. तेथील गिटारवादक मेस्त्रे व्हिएरा यांच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकातच हे नाव आहे. पुढे तो बाहिया राज्यातील पोर्तो सेगुरो या किनाऱ्यावरच्या गावी पोचला. मांडीला मांडी भिडवून, कंबर हलवत करायचा हा नाच पर्यटकांना भुरळ घालणार हे उघडच होते.

काओमाचे रूप : पोर्तो सेगुरोला आलेल्या पर्यटकांत ओलिव्हिए लोर्साक हा फ्रेंच निर्माता होता. झां काराकोस या भागीदारासह त्याने पॅरिसमध्ये काओमा समूह उभा केला. गायिका होत्या रिओ दि जानेरोच्या लोआल्वा ब्राझ. फ्रान्समधील टीएफ१ वाहिनी आणि ऑरांजिना हे शीतपेय पाठीशी होते. चित्रफीत बाहियाच्या किनाऱ्यावर काढली गेली. तिच्यात नाचणारी शिको आणि रोबर्टा ही लहान मुले गाण्याइतकीच प्रसिद्ध झाली. गाणे आपोआप गाजले, असे कोणी म्हणू नये. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज टीव्हीवर दाखवून ते गाजवले गेले. अर्थात एवढा मारा करूनही पडलेली गाणी पुष्कळ असतात.

फ्रान्समध्ये ते १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकापर्यंत चढले; अमेरिकेत ४६ व्या क्रमांकापुढे गेले नाही. तरी हॉलीवूडने हात धुऊन घेतले : लंबाडावरचे दोन चित्रपट १६ मार्च १९९० या एकाच दिवशी प्रदर्शित झाले आणि दोन्ही आज विस्मृतीत गेले आहेत.

वाद : काओमाच्या तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून ‘शिको दे ऑलिव्हेरा’ असे नाव होते. हे लोर्साकचे टोपणनाव. एर्मोसा बंधूंचा उल्लेख नव्हता. फेरेइरा यांचे शब्द आणि पेरूतील वाद्यरचनाही विनापरवाना उचलली होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि एर्मोसा बंधूंचा हक्क मान्य करावा लागला. याला चूक म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. खोटे नाव चुकून लिहिले जात नाही.

मात्र खुद्द लॉस कारकासवरही असाच आक्षेप आहे. सुवर्णकाळात त्यांनी ‘साया’ म्हणून लोकप्रिय केलेला ठेका वास्तविक ‘कापोराल’ आहे, साया ही युंगास भागातील गुलामांच्या वंशजांची परंपरा आहे, असे आफ्रो-बोलिव्हियन कार्यकर्ते सांगत आले आहेत; कारकासना नावानिशी टोकणारी कडवीही या आफ्रो-बोलिव्हियनांच्या गाण्यात आहेत.

इतर आवृत्त्या : काओमानंतर वर्षभराच्या आतच ही चाल मुंबईत पोचली. राजकुमार संतोषी यांच्या ‘घायल’ (१९९०) या चित्रपटातील ‘सोचना क्या’ हे बप्पी लाहिरींचे गाणे याच चालीवर बेतलेले असून गायकांत आशा भोसले आहेत. पुण्याचे एनॉक डॅनियल्स आणि इतर वादकांमुळे अकॉर्डियन हिंदी चित्रपटसंगीतात आधीच मुरलेले होते, त्यामुळे ही सुरावट इथे परकी वाटली नाही. महाराष्ट्रात अनेकांनी आधी ‘घायल’चे गाणे ऐकले आणि काओमा नंतर.

पोर्तो रिकोच्या विसिन आणि यान्देल यांनी ‘पाम पाम’मध्ये (२००६) आणि डॉन ओमार यांनी ‘टॅबू’मध्ये (२०११) ही चाल रेगेटॉनच्या ठेक्यावर चढवली. सर्वांत मोठे यश जेनिफर लोपेझ यांच्या ‘ऑन द फ्लोअर’ला (२०११) मिळाले. निर्माते रेडवन यांनी अकॉर्डियनची ओळख कायम ठेवून खाली इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत घातले. या गाण्याच्या श्रेयनामावलीत एर्मोसा बंधूंची नावे आहेत.

नंतरचा काळ : काओमाच्या गायिका लोआल्वा ब्राझ यांची जानेवारी २०१७ मध्ये रिओजवळील साक्वारेमा येथे दरोड्याच्या वेळी हत्या झाली. लंबाडा संगीताची लाट मात्र १९९० नंतर लवकरच ओसरली होती. नर्तकांनी तेच पदन्यास कॅरिबियन झूक संगीतावर सुरू ठेवले आणि त्यातून ‘ब्राझिलियन झूक’ हा नृत्यप्रकार तयार झाला.