कर्णधार आणि कारभारी

२९ जानेवारी १९९३ रोजी कलकत्त्यास ईडन गार्डन्सवर भारत-इंग्लंड कसोटी सामना सुरू झाला, तेव्हा भारतीय संघात एक नाव नवे होते. राजेश चौहान हा ऑफस्पिन गोलंदाज आमच्या भिलाईचा. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशातच होते आणि चौहान रणजी सामने त्या राज्याकडून खेळे. भिलाई म्हटली की देशास धमनभट्ट्या आणि आगगाडीचे रूळ आठवतात. फिरकी गोलंदाज कोणास आठवत नाही. परंतु हा चौहान १९९८ पर्यंत २१ कसोट्या खेळला आणि त्यांपैकी एकाही कसोटीत भारताचा पराभव झाला नाही.

या विक्रमाच्या प्रारंभी एक मराठी गृहस्थ उभे होते, याचे स्मरण मात्र येथील मराठी मंडळींतही क्वचितच होते. ते म्हणजे संघाचे व्यवस्थापक अजित लक्ष्मण वाडेकर. आमच्या लेखी वाडेकर म्हणजे १९७१ साल. त्यापुढचे प्रकरण आम्ही वाचलेलेच नाही.

१९७१ ची कथा सर्वश्रुत असल्यामुळे ती येथे विस्ताराने सांगत नाही. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. स्टेट बँकेतील हा अबोल अधिकारी संघ कसा हाताळणार, अशी शंका पुष्कळांना होती. तिचे पहिले उत्तर किंग्स्टनला मिळाले. पावसाने पहिला दिवस वाया गेला होता. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांमुळे भारताच्या ३८७ झाल्या आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर आटोपला. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी २०० धावांची आघाडी लागते. परंतु सामना चारच दिवसांचा उरला असल्यामुळे १५० पुरेशा होत्या. वाडेकरांनी हा नियम ध्यानात ठेवला होता आणि पुन्हा फलंदाजीस या, असे त्यांनी सोबर्सना कळवले. सामना अनिर्णित राहिला, पण बलाढ्य प्रतिपक्षाचा दरारा त्या दिवशी ओसरला. नियमपुस्तकाची अशी जाण फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या वाचकांस विशेष भावेल! पुढे पोर्ट ऑफ स्पेनला विजय मिळाला आणि मालिकाही. त्याच वर्षी २४ ऑगस्टला ओव्हलवर इंग्लंडही नमले. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले होते. शेवटच्या दिवशी आरंभीच धावबाद झालेले वाडेकर त्या ऐतिहासिक क्षणी झोपले होते. त्यांना उठवून विजयाची वार्ता सांगावी लागली.

त्या दौऱ्यावर व्यवस्थापक होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. व्यवस्थापकाने सामान मोजावे, तिकिटे सांभाळावीत आणि मेजवानीत भाषण करावे, अशी त्या काळची कल्पना. अधिकाऱ्यांनी खेळाडूंकडून लष्करी शिस्तीने क्षेत्ररक्षणाची मेहनत करवून घेतली. फलंदाजाच्या पुढ्यात उभे राहून एकनाथ सोलकरने टिपलेले झेल सर्वांना आठवतात. वाडेकरांमधील पुढच्या व्यवस्थापकाचे शिक्षण तेथेच झाले, असे आमचे अनुमान आहे.

१९७४ मध्ये याच इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या आणि लॉर्ड्सवर संघ ४२ धावांत बाद झाला. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या यशाचे स्मारक म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभारली होती, तीही विद्रूप करण्यात आली. पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेल्यावर वाडेकर खेळातून निवृत्त झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस होते. कर्णधार म्हणून १६ कसोट्यांत ४ विजय, ४ पराभव, ८ अनिर्णित. सेवापुस्तकातील असा हिशेब पाहून कोणी बढती दिली नसती.

तरीही १९९२ मध्ये संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. परदेशातील पराभवांमुळे अझरुद्दीनचे कर्णधारपद डळमळीत झाले होते. इंग्लंडविरुद्ध या दोघांनी कुंबळे, राजू आणि चौहान असे तीन फिरकी गोलंदाज एकदम मैदानात उतरवले. इंग्लंड कलकत्त्यास चार वेगवान गोलंदाज घेऊन आले आणि हरले. त्यांच्या मंडळींनी शहरातील धुरक्यासही दोष दिला. भिलाईच्या चिमण्यांखाली राहणाऱ्यांनी यावर काय बोलावे? मालिका ३-० अशी संपली. कुंबळेने २१ बळी घेतले. पुढच्याच वर्षी श्रीलंकेविरुद्धच्या तिन्ही कसोट्या भारताने डावाने जिंकल्या.

अनुकूल खेळपट्ट्या करून मिळवलेले हे यश, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो निराधार नव्हता. व्यवस्थापक वाडेकरांच्या कारकिर्दीत भारताने परदेशात जिंकलेली कसोटी एकच, १९९३ ची कोलंबोची. ज्याने कर्णधार म्हणून परक्या भूमीवर जिंकून दाखवले, त्याने व्यवस्थापक म्हणून घरचे अंगण भक्कम केले. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. १९७१ मध्येही त्यांनी फिरकीवरच भिस्त ठेवली होती. बेदी, प्रसन्ना, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर यांच्या तोडीची चौकडी मात्र पुन्हा लाभली नाही. शिवाय केवळ सावधपणा हाच त्यांचा स्वभाव म्हणावा, तर १९९४ मध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडल्यावर तेंडुलकरला सलामीस धाडण्यास त्यांनी मान्यता दिली होती. त्याने ४९ चेंडूंत ८२ धावा काढल्या.

१३ मार्च १९९६ ला त्याच ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. नाणेफेक जिंकूनही भारताने प्रथम क्षेत्ररक्षण घेतले. सायंकाळी खेळपट्टी भंगली, ८ बाद १२० वर प्रेक्षकांनी दंगा केला आणि सामना श्रीलंकेस बहाल झाला. फिरकीस वश होणारी खेळपट्टी या वेळी यजमानांवरच उलटली. चौहान त्या संघात नव्हता. गोलंदाजीच्या शैलीविषयी शंका निघाल्यामुळे तो बाहेर होता आणि १९९७ मध्ये परतला, तेव्हा व्यवस्थापकाच्या जागी वाडेकर नव्हते.

वाडेकर १५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत निवर्तले. त्याच्या दोनच वर्षे आधी छत्तीसगडचा स्वतःचा संघ रणजी स्पर्धेत उतरला होता.