मोटार कॅराव्हॅन: सांगाड्याचे प्रकार व देखभाल

मोटार कॅराव्हॅन म्हणजे बसण्याची व झोपण्याची सोय, स्वयंपाकाची व्यवस्था आणि सामानाचे कप्पे पक्के बसवलेले प्रवासी वाहन होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील भंडारदरा व कळसूबाई (१,६४६ मीटर) या परिसरात येणाऱ्या पर्यटकांना अशी वाहने सोयीची ठरतात. इंजिन, चाके, पाटे व ब्रेक ज्यावर बसवलेले असतात आणि जो सर्व भार पेलतो, त्या सांगाड्यास चॅसिस म्हणतात.

प्रकार

१. शिडी सांगाडा: दोन लांब पोलादी तुळया आडव्या पट्ट्यांनी जोडून हा तयार होतो. ट्रक व मोठ्या बसगाड्यांचा सांगाडा बहुधा असा असतो. त्यावर घराचा साटा स्वतंत्रपणे उभारतात. भार पेलण्याची क्षमता मोठी, पण वजन व उंची जास्त असते.

२. एकसंध सांगाडा: यात वेगळ्या तुळया नसून छत, बाजू व तळ मिळून भार वाहतात. टाटा विंगर हे याचे उदाहरण होय. अशा वाहनाच्या बाजूला खिडकीसाठी किंवा छताला झरोक्यासाठी छेद घेतल्यास मजबुती घटू शकते.

३. ओढगाडी: हिला स्वतःचे इंजिन नसते. ती आकड्याने दुसऱ्या वाहनास जोडून ओढली जाते.

अमेरिकेत मोटारघरांचे अ, ब व क असे वर्ग मानतात. अ वर्ग बस किंवा ट्रकच्या मोकळ्या चॅसिसवर, ब वर्ग व्हॅनच्या मूळ साट्यात आणि क वर्ग चालककक्ष कायम ठेवून मागे बांधतात.

चाचणी व मान्यता

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२६ प्रमाणे वाहनाच्या नमुन्याची चाचणी विहित संस्थेकडून होते. त्यांत अहिल्यानगर येथील संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास संस्था आणि पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन यांचा समावेश आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे.

वजन

उत्पादकाने ठरवलेले कमाल एकूण वजन व प्रत्येक आसावरील भार यांची मर्यादा ओलांडू नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो भार वाढतो. अतिरिक्त वजनाने टायर तापतात, पाटे तुटतात व थांबण्याचे अंतर वाढते. जड सामान खाली, दोन्ही बाजूंना समतोल ठेवावे.

देखभाल

टायर: हवा टायर थंड असताना तपासावी. बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. ही वाहने बराच काळ उभी राहत असल्याने नक्षी शिल्लक असतानाच रबर तडकू शकते.

ब्रेक: हायड्रॉलिक ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू घटतो, म्हणून ते ठराविक मुदतीने बदलतात. एअर ब्रेकच्या टाकीत साचलेले पाणी नियमित काढून टाकावे लागते.

पाटे व दांडा: यू-बोल्ट सैल नाहीत ना, हे पाहावे. मागील चाकांना गती देणाऱ्या दांड्याच्या सांध्यांना ग्रीस द्यावे.

इंजिन: तेल, कूलंट व पट्टे प्रवासापूर्वी तपासावेत. धुळीच्या रस्त्यांवर हवेचा फिल्टर लवकर चोंदतो.

बॅटरी व गॅस: घरातील दिव्यांसाठी वेगळी बॅटरी असल्यास इंजिनाची बॅटरी उतरत नाही. वाहन चालू असताना सिलिंडरचा झडपनळ बंद ठेवणे आवश्यक आहे.

घाटातील उतार

कल्याण–अहिल्यानगर मार्गावरील माळशेज घाटासारख्या उतारावर सतत ब्रेक दाबल्यास तो तापून निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या अवरोधाने वेग आवरतात. ब्रेकमधून जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून तो थंड होऊ द्यावा. तापलेल्या भागावर पाणी ओतू नये.