पाच युनिट

भुशी, जुलैतला रविवार. हा घटनाक्रम रचलेला आहे, त्यातली माणसंही. औषध, मात्रा आणि शरीरात घडतं ते मात्र खरं.

सकाळी ७. तिची दुसरी खेप, पहिलं सिझर. पहाटेपासून कळा आहेत, पण लांबलांब. आशाताईंनी बजावलंय : टाके आहेत, ऑपरेशनची सोय असेल तिथेच बाळंतपण. सासूबाई म्हणतात, "कळा जरा जोर धरू देत, मग निघू."

११. भुशी धरणाच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागली. निघणं आणखी लांबलं.

दुपारी १. कळा मंदावल्या. दीर ओळखीच्या 'डॉक्टरां'ना फोन लावतो.

२.१५. ते येतात. बाळाचे ठोके ऐकत नाहीत, टाक्यांचं विचारत नाहीत. २ ते ८ अंशांत ठेवायची ऑक्सिटोसिनची कुपी शर्टाच्या खिशातून निघते. "कळांचं इंजेक्शन आहे. तासाभरात मोकळी होईल." मांडीत पाच युनिट.

रुग्णालयात हेच औषध कळा वाढवायला सलाइनमधून देतात, सुरुवात मिनिटाला १-२ मिलीयुनिटनं. शेजारी कुणीतरी बसून कळा मोजतं, ठोके ऐकतं. बिनसलं तर सलाइन बंद. शिरेतल्या औषधाचा जोर काही मिनिटांत ओसरतो. मांडीत गेलेले पाच युनिट म्हणजे ५,००० मिलीयुनिट, तेही एका दमात. त्यांचा अंमल दोन-तीन तास चालतो आणि ते कुणालाच परत काढता येत नाहीत.

२.२०. कळांवर कळा. मध्ये पोट सैलच पडत नाही. बाळाला वारेतून प्राणवायू मिळतो तो मुख्यतः दोन कळांमधल्या उसंतीत. ती उसंतच गेली. घरचे मात्र खूश : इंजेक्शन लागू पडलं!

३.०५. "टाक्यांपाशी फाटल्यासारखं होतंय," ती ओरडते.

३.१०. कळा एकदम थांबतात. "दमली असेल, पडू दे जरा."

३.२५. ओठ पांढरे, अंगाला गार घाम, नाडी धावतेय. रक्त बाहेर फारसं नाही. ते पोटात साचतंय. 'डॉक्टर' केव्हाच गेलेत. दीर १०८ लावतो.

४.१०. रुग्णवाहिका परतणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकलेली.

४.५०. ऑपरेशन टेबल. गर्भपिशवी जुन्या व्रणावर उसवलीय, बाळ पिशवीबाहेर, ठोके नाहीत. पिशवी काढावी लागते. आई वाचते.

औषधावर राग काढून उपयोग नाही. गायी-म्हशींनी पान्हा सोडावा म्हणून ते टोचतात, या कारणानं २०१८ मध्ये केंद्रानं खासगी कंपन्यांना देशात विकण्यासाठी त्याचं उत्पादन करायला मनाई केली होती. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली. ते योग्यच झालं, कारण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं हे पहिल्या पसंतीचं औषध आहे.

तेव्हा बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं नाही याची खात्री करून, मांडीत दहा युनिट दिले का, हे नर्सला जरूर विचारा. बाळ पोटात असताना कुणी घरी ही सुई काढली, तर त्याचा हात धरा आणि १०८ लावा.