न लागणारी खिडकी: पोलाद, जाळी आणि फिरता दांडा

१/ पोलादी चौकटीची, दांडा फिरवून उघडणारी खिडकी. दांडा शेवटपर्यंत फिरला, तरी झडप बोटभर उघडीच राहते. घरमालक आणखी जोर लावतो. आत काहीतरी कटकन मोडते आणि दांडा नुसताच फिरू लागतो. अमेरिकेतील जुन्या घरांत अशा रीतीने कित्येक खिडक्या निकामी झाल्या. हा दांडा मुळात कशासाठी आला, याचा इतिहास पाहिला की चूक कोठे होते ते कळते.

२/ बिजागरीवर फिरणारी झडप युरोपात फार जुनी. मध्ययुगात लोखंडी चौकटीत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेली लहान तावदाने बसवीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये वर-खाली सरकणारी लाकडी खिडकी आली आणि बिजागरीची खिडकी मागे पडली. तिला पुन्हा मान मिळाला तो पोलादामुळे.

३/ १८५६ मध्ये हेन्री बेसेमर यांनी स्वस्त पोलाद तयार करण्याची रीत जाहीर केली. पुढे तापलेले पोलाद रोलरमधून काढून हव्या त्या आकाराच्या पट्ट्या बनवणे शक्य झाले. इंग्लंडमधील ब्रेनट्री येथे फ्रान्सिस हेन्री क्रिटॉल यांनी १८८४ पासून धातूच्या खिडक्या बनवण्यास आरंभ केला. चौकट सडपातळ, त्यामुळे काच मोठी आणि उजेड अधिक.

४/ अमेरिकेत या खिडकीच्या प्रसाराला आगींनी हातभार लावला. १९०४ मध्ये बाल्टिमोर आणि १९०६ मध्ये भूकंपापाठोपाठ सॅन फ्रान्सिस्को जळाले. शहरांनी बांधकामाचे अग्निविषयक नियम कडक केले आणि लाकडी खिडकीची जागा धातूची खिडकी घेऊ लागली. प्रथम कारखान्यांत दिसणारी ही खिडकी १९२०-३० च्या दशकांत घरांतही आली.

५/ घरात मात्र नवी अडचण उभी राहिली. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात शोधून काढले होते. खिडकीची जाळी आता आरोग्याचा प्रश्न बनली होती. झडप बाहेर उघडणारी, म्हणून जाळी आतून लावणे भाग. मग झडपेपर्यंत हात पोहोचणार कसा? उत्तर होते जाळीच्या खाली, चौकटीवर बसवलेला फिरता दांडा. इंग्लंडमध्ये जाळीची रूढी नव्हती. तेथे भोके पाडलेली साधी अडणी पुरत असे.

६/ दांड्याच्या टोकाशी मळसूत्र असते. ते दातेरी चकती फिरवते आणि चकतीला जोडलेला धातूचा हात झडपेवरील पन्हळीत सरकतो. मळसूत्र चकतीला फिरवते, पण चकती मळसूत्राला सहसा फिरवू शकत नाही. म्हणून वाऱ्याने झडप आपटत नाही. झडप हलवणे आणि जागी धरून ठेवणे एवढेच या यंत्राचे काम. तिला चौकटीशी घट्ट ओढण्याचे काम बाजूच्या खिट्टीचे. दांड्यानेच आवळू गेल्यास दाते झिजतात आणि शेवटी मोडतात.

७/ झडप लागत नाही त्याची कारणे बहुधा अन्यत्र असतात. वर्षानुवर्षे दिलेल्या रंगाचे थर सांध्यात साचतात. बिजागरी झिजून झडप खाली लोंबते. पन्हळीतील वंगण धूळ धरून घट्ट होते. सर्वांत मोठे कारण गंज: तो मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो आणि चौकट व झडप यांमधील फट भरून टाकतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या खिडक्या दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झाल्या. त्याआधीच्या बहुतेक खिडक्यांचे रक्षण केवळ रंगावर अवलंबून होते.

८/ १९७३ च्या तेलसंकटानंतर घर उबदार ठेवण्याचा खर्च वाढला. एकेरी काचेच्या, नीट न लागणाऱ्या पोलादी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या जाऊ लागल्या. जाड पट्ट्यांमुळे इमारतींचा चेहराच पालटला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने ऐतिहासिक पोलादी खिडक्यांच्या दुरुस्तीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. आधी तपासणी, मग दुरुस्ती आणि अगदीच निरुपाय झाला तर बदल, असा तिचा क्रम.

९/ तपासणीचा पहिला टप्पा सोपा आहे. धातूचा हात झडपेपासून सोडवावा आणि झडप हाताने लावून पाहावी. ती सहज लागली, तर दोष यंत्रात: जुने वंगण पुसून नवे घालावे, दाते मोडले असल्यास यंत्र तेवढे बदलावे. लागली नाही, तर दोष बिजागरीत, रंगात किंवा गंजात. तेथे नवे यंत्रही काही दिवसांतच मोडेल. साचलेला रंग व गंज खरवडून, उघड्या पोलादावर गंजरोधक अस्तर देऊन मगच रंग द्यावा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

१०/ मुंबईत मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. त्या काळच्या घरांतही पोलादी खिडक्या बसवल्या गेल्या, आणि खाऱ्या हवेत गंज अधिक वेगाने चढतो. गंज मूळ धातूपेक्षा फुगून दिसतो, त्यामुळे खिडकी प्रत्यक्षात आहे त्याहून अधिक खराब वाटते. खरवडल्यावर आत शाबूत पोलाद निघण्याची शक्यता पुष्कळ असते. खिडकी भंगारात देण्याआधी तेवढे पाहून घेणे हिताचे.