दुतोंडी गाडीचं स्टेशन

रेल्वे स्टेशनांच्या कुळात दोन शाखा आहेत, एक इंजिनवाली आणि दुसरी बिनइंजिनाची. मुंबईकराला हा भेद शिकवावा लागत नाही. सीएसएमटीला १८ फलाट आहेत. त्यातले पहिले ७ लोकलचे, बाकीचे मेल-एक्स्प्रेसचे. मेलच्या फलाटावर हमाल, ढकलगाड्या, चादरींचे गठ्ठे आणि गाडी सुटायच्या तासभर आधी येऊन बॅगांवर बसलेली कुटुंबं. लोकलच्या फलाटावर यातलं काही नाही. तिथं बाकंही बेताचीच, कारण तिथं कुणी थांबायला आलेलं नसतं. छप्पर एकच, पण खालचा संसार वेगळा. हे वेगळेपण वास्तुशास्त्रज्ञाने आणलेलं नाही. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ या काळात घुमट, सिंह, मोर आणि माकडं घडवून ही इमारत उभी केली, तेव्हा लोकलचं स्टेशन ही चीजच जन्माला यायची होती. ती आली गाडीला दोन तोंडं फुटल्यावर.

मूळ पुरुषापासून सुरुवात करू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जीआयपी कंपनीची पहिली गाडी गेली. १४ डबे, ४०० च्या आसपास निमंत्रित, २१ तोफांची सलामी, ओढायला तीन इंजिनं. ही रेल्वे यावी म्हणून खटपट केलेले नाना शंकरशेट गाडीत होते. सोहळ्याचं हे वर्णन आपण शाळेपासून वाचत आलोय. गाडी परत कशी फिरवली हे मात्र पाठ्यपुस्तक सांगत नाही आणि आपल्या गोष्टीचं बीज नेमकं तिथं आहे.

वाफेची गाडी शेवटच्या स्टेशनात शिरली की इंजिन आत अडकतं. पुढे भिंत, मागे स्वतःचेच डबे. मग डबे सोडवायचे आणि बाजूच्या रुळावरून इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला न्यायचं. नाहीतर त्या टोकाला दुसरंच इंजिन जोडून गाडी बाहेर काढायची आणि मग आधीच्या इंजिनाची सुटका करायची. त्यातही त्याला पाणी पाजायचं, कोळसा भरायचा, राख काढायची आणि टर्नटेबलवर चढवून त्याचं तोंड फिरवायचं. तेवढा वेळ फलाट अडून राहतो. म्हणून जुन्या टर्मिनसात माणसांपेक्षा इंजिनाच्या हालचालीलाच जास्त जागा लागे. दिवसाला आठ-दहा गाड्या असतील तर यात काही बिघडत नाही.

बोरघाटात तर हा प्रकार टर्मिनस नसतानाही करावा लागे. १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा चढ एका दमात साधत नव्हता, म्हणून खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी डोंगराच्या कडेला येऊन थांबायची, इंजिन एका टोकाचं दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे होईपर्यंत पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाने ही उलटापालट अनुभवली आहे.

मुंबईच्या पश्चिम बाजूला दुसरी कंपनी, बीबी अँड सीआय. तिचे रूळ गुजरातेतून खाली येत १८६४ च्या नोव्हेंबरात ग्रँट रोडला पोचले. १२ एप्रिल १८६७ ला विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. सकाळी एक जाणारी, संध्याकाळी एक येणारी. आज ६.४३ हुकली तर ६.४७ आहे म्हणणाऱ्याला हे विनोदी वाटेल, पण त्या काळच्या विरारकराला ती गाडी चुकली म्हणजे दिवस चुकला. पुढे चर्चगेट आलं, कुलाबा आलं आणि १८९६ मध्ये कुलाब्याला पक्की इमारत झाली. फेऱ्या वाढत गेल्या. फलाट मात्र त्याच जुन्या पद्धतीने अडत राहिले.

शहराबाहेर राहून रोज कामाला रेल्वेने यायचं, ही मुळात लंडनची सवय. १८३६ साली तिथं लंडन-ग्रीनिच रेल्वे सुरू झाली. ८७८ विटांच्या कमानींवरून, घरांच्या छपरांच्या उंचीवरून ती धावायची. तिचा जीव मालावर नव्हे, माणसांवर होता. १८६३ मध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वे जमिनीखालून गेली, तीही वाफेवर. धुराचं जे व्हायचं ते झालंच. पण माझ्या मते लंडनचा खरा चमत्कार त्यानंतरचा आहे आणि त्याला लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशन म्हणतात. १९२० मध्ये ग्रेट ईस्टर्न कंपनीला विजेचा खर्च परवडेना. तेव्हा तिने वाफेवरच जिद्दीने नवं वेळापत्रक बसवलं. गाडी आत येऊन थांबते न थांबते तोच, फलाटाच्या बाहेरच्या टोकाजवळ दबा धरून बसलेलं दुसरं इंजिन मागे सरकून गाडीला जोडलं जायचं आणि चार मिनिटांत गाडी बाहेर. अडकलेलं इंजिन मोकळं झालं की पुढच्या गाडीसाठी तेच दबा धरायचं. गर्दीच्या वेळी एकाच जोडरुळावरून तासाला २४ गाड्या सुटत. वर्ग पटकन ओळखता यावा म्हणून डब्यांवर रंगीत पट्टे ओढले होते, त्यावरून लोकांनी त्या सेवेला 'जॅझ' म्हणायला सुरुवात केली. वाफेची ही कमाल मर्यादा. त्यापुढे जायचं तर इंजिन नावाची वस्तूच काढून टाकायला हवी होती.

आणि ती तोवर काढली गेलीही होती, शिकागोत, १८९७ साली. फ्रँक स्प्रेग नावाच्या अमेरिकन अभियंत्याने त्याआधी रिचमंड शहरात विजेची ट्राम यशस्वी करून दाखवली होती आणि मग तो उंच इमारतींच्या विजेच्या लिफ्टकडे वळला होता. बऱ्याच लिफ्ट एका ठिकाणाहून चालवता येतात, मग डबे का नाही, हा प्रश्न त्याला तिथं सुचला. शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड या उन्नत रेल्वेवर तेव्हा वाफेची इंजिनं धावत होती. स्प्रेग म्हणाला, इंजिन काढा, डब्यांनाच मोटरी लावा, आणि सगळ्या मोटरी एकाच तारेवरून, कुठल्याही डब्यातल्या हँडलने चालतील अशी व्यवस्था मी करतो. जुलै १८९७ मधल्या चाचणीत त्याने आपल्या दहा वर्षांच्या मुलाला हँडलवर बसवलं. यात थोडा जाहिरातीचा भाग होता, पण मुद्दा पोचला: एवढ्या डब्यांच्या मोटरी एका पोराच्या मनगटाने हलतात.

या युक्तीला नाव पडलं मल्टिपल युनिट. आपण जिला लोकल म्हणतो ती याच कुळातली. मोटर कोच गाडीभर विखुरलेले, त्यामुळे ताकद एका ठिकाणी साठलेली नाही आणि गाडी सुटताच वेग घेते. दोन्ही टोकांना सारखीच केबिन. मांडुळाला दोन तोंडं असतात असं गावाकडे म्हणतात. मांडुळाच्या बाबतीत ते खोटं आहे, लोकलच्या बाबतीत मात्र अक्षरशः खरं. बफरला टेकलेल्या गाडीत गार्डची केबिन मोटरमनची होते, मोटरमनची गार्डची होते, आणि गाडी आली तशीच निघते. काही सोडवायचं नाही, जोडायचं नाही, फिरवायचं नाही.

भारतात हे आलं ३ फेब्रुवारी १९२५ ला. जीआयपी रेल्वेची व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला, हार्बर मार्गावरची ही गाडी चार डब्यांची, १,५०० व्होल्ट डीसीवर धावणारी. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. याच वेळी हार्बर मार्ग व्हीटीला जोडला गेला, तो सँडहर्स्ट रोडला मुख्य मार्गाच्या डोक्यावरून उड्डाण घेत. त्या स्टेशनात आजही खाली एक रेल्वे आणि वर दुसरी, हा बेत तेव्हाचाच. विजेमागे जीआयपीची नजर उपनगरांइतकीच घाटांवर होती. थळ आणि बोर घाट चढताना वाफेची इंजिनं मेटाकुटीला येत. १९३० पर्यंत वीज इगतपुरी आणि पुण्याला पोचली होती आणि ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं पॉवर हाउस उभं राहिलं होतं. ५ जानेवारी १९२८ ला बीबी अँड सीआयनेही कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू केली.

इथपर्यंत गाडी नवी झाली होती, स्टेशन अजून जुनंच होतं. कुलाब्याहून लोकलही सुटत आणि लांबच्या गाड्याही. १९२८ मध्ये पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटियर मेल तिथूनच निघू लागली. म्हणजे एकाच आवारात एक गाडी मिनिटांत परत फिरणारी आणि दुसरी तासन् तास पाणी, सामान, बिछाने भरत बसलेली. त्यात दक्षिण मुंबईची जमीन सोन्याच्या भावाची. शेवटी वाटणी झाली. लांबच्या गाड्यांसाठी बेलासिस रोडला क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार बॉम्बे सेंट्रल २१ महिन्यांत बांधून १८ डिसेंबर १९३० ला उघडलं. वर्षाच्या अखेरच्या दिवशी कुलाबा बंद झालं आणि चर्चगेट हेच टोक ठरलं. कुलाबा टर्मिनसच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे.

या वाटणीने चर्चगेट निव्वळ लोकलचं झालं. ना मालधक्का, ना टर्नटेबल, ना पार्सल ऑफिसचा राबता. चार फलाट, एवढाच कारभार. पश्चिम रेल्वे आज रोज १,३०० हून जास्त लोकल फेऱ्या चालवते आणि त्यातला मोठा वाटा या चार फलाटांवरून येतो-जातो. वाफेच्या हिशेबाने हे अशक्य होतं. सीएसएमटीची इमारत बघायला जगभरातून माणसं येतात आणि युनेस्कोने २००४ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवलं, ते योग्यच आहे. पण मुंबईचा शोध म्हणून दाखवण्यासारखं स्टेशन मला विचाराल तर मी ज्यांचा कुणी फोटो काढत नाही त्या चर्चगेटच्या फलाटांकडे बोट दाखवीन.

दोन तोंडांच्या गाडीचे इतर परिणाम चटकन सांगतो. गाडी झटकन वेग घेते म्हणून स्टेशनं जवळजवळ ठेवणं परवडतं. चर्चगेट ते मरीन लाइन्स जेमतेम सव्वा किलोमीटर. दोन स्टेशनांच्या मध्ये नवं स्टेशन घुसवणंही जमतं: भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये नाहूर आलं, जोगेश्वरी आणि गोरेगावच्या मध्ये २०१६ मध्ये राम मंदिर. डबे वाढले, ९ चे १२ झाले, काही गाड्या १५ च्या झाल्या, आणि त्यापायी फलाटांची लांबी वाढवत न्यावी लागली. डीसी वीज जाऊन २५,००० व्होल्टची एसी आली आणि २०१६ मध्ये हार्बरवर ते काम संपलं. प्रवाशाला यातलं काही कळलंही नाही.

एक परिणाम मात्र कुठल्याही अभियंत्याने योजलेला नव्हता. गाडी जशी येते तशीच परत जाते, हे लोकांनी हेरलं. डोंबिवलीकर सकाळी सीएसएमटीला जायचं असलं की आधी उलट कल्याणच्या गाडीत चढतो, तिथं न उतरता बसून राहतो आणि तीच गाडी मुंबईला निघाली की डोंबिवलीवरून खिडकीत बसून जातो. याला रिटर्न येणं म्हणतात. नियमाने चालणारे त्यासाठी पासही कल्याणपासूनचा काढतात. वाफेच्या जमान्यात हे सुचलंच नसतं. टोकाला पोचलेले डबे पुन्हा कधी आणि कुठं निघतील याची खात्री कुणाला होती?

मात्र गाडी सुधारली त्या वेगाने स्टेशनाचं बाकीचं अंग सुधारलं नाही. तासाला एखादी गाडी येत होती तेव्हा अरुंद जिना आणि एक पूल पुरत होता. आता तीन-तीन मिनिटांनी गाडी येते आणि हजारोंना फलाटावर उतरवून निघून जाते. आधीची माणसं पुलावरून उतरायच्या आत पुढची येतात. फलाट रिकामा करण्याचा प्रश्न रुळांपुरता सुटला, माणसांपुरता तसाच राहिला. त्यात दोन कंपन्यांचा वारसा. परळ एकीचं, एल्फिन्स्टन रोड दुसरीचं, शेजारी असून दोन स्टेशनं, मध्ये एक पूल. गिरण्या होत्या तेव्हा पाळ्यांच्या वेळा ठरलेल्या होत्या. गिरण्या जाऊन त्याच जागी काचेच्या कचेऱ्या आल्या आणि सगळा परिसर सकाळी एकदम उतरू लागला. २९ सप्टेंबर २०१७ ला, पाऊस पडत असताना, त्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पुढच्या फेब्रुवारीत लष्कराने तिथं नवा पूल बांधून दिला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं.

परळचं पुढचं पाऊल मार्च २०१९ चं. तिथं जास्तीचा फलाट बांधून परळहूनच सुटणाऱ्या लोकल सुरू झाल्या. त्यासाठी घुमट लागला नाही, टर्नटेबल लागलं नाही, इंजिन वळवायला शहराच्या मधोमध यार्ड लागलं नाही. गाडी येते, मोटरमन केबिनमधून उतरतो, दुसऱ्या टोकाचा मोटरमन हॉर्न देतो. टर्मिनस म्हणून आता एवढंच पुरतं. फलाटाबाहेर पडायच्या जिन्यांचं आणि पुलांचं काम मात्र आणखी कितीतरी स्टेशनांत चालूच आहे.